रिकामा ताबा

सगळ्यात शेवटी सासऱ्यांना खाटेसकट बाहेर काढलं. डोक्याकडून तिने धरलं, पायाकडून शेजारच्या मावशींनी. दार अरुंद, त्यामुळे खाट तिरकी करावी लागली. तेव्हा सासऱ्यांनी चौकट घट्ट पकडली आणि सोडेनात. तिने एकेक बोट सोडवलं.

पूरग्रस्तांसाठी उभारलेल्या पत्र्याच्या खोल्यांची ती रांग होती. प्रत्येक दारासमोर संसार मांडून ठेवलेला होता. गाद्या, भांडी, उलटी ठेवलेली बादली. आजपासून खोल्यांची जबाबदारी केंद्राकडून राज्याकडे जाणार होती, आणि ताबा रिकामा द्यायचा असा नियम होता.

"तासाभराचं काम आहे, ताई," केंद्राचा कारकून म्हणाला. "मी कुलूप लावणार, राज्याचे साहेब येऊन उघडणार. की तुम्ही परत आत."

"आम्ही आत असलो तर काय खोली वजनाला जड होते?" मावशींनी विचारलं.

"माणसांसकट द्यायचं तर माणसंही सोपवावी लागतात, मावशी. ते आमच्या खात्याकडे नाही."

मावशींनी कपाळाला हात लावला. तिने सासऱ्यांची चादर सारखी केली. पाणी चढलं त्या दिवशीही तिने असंच सामान बाहेर काढलं होतं. हातांना आता सवय झाली होती.

कारकुनाने कुलूप लावलं, ओढून पाहिलं, पुढच्या दाराकडे गेला.

दुपार टळली. राज्याचे साहेब आले नाहीत. कारकून फोन कानाला लावून रांगेच्या टोकापर्यंत जायचा आणि परत यायचा. शेवटी त्याने फोन खिशात टाकला.

"त्यांना अजून वरून आदेश नाहीत. उद्या येतील. नाहीतर परवा."

"मग तुम्हीच उघडा," मावशी म्हणाल्या.

"आमचा ताबा संपला ना. मी कसा उघडू?"

"आम्ही उघडलं तर?"

"ती घुसखोरी धरतात. खोली जाईल." त्याने आवाज खाली आणला. "खरंच जाईल. पलीकडच्या छावणीत गेल्या."

"दोन घरचा पाहुणा उपाशी," मावशी म्हणाल्या आणि गादीवर बसल्या.

कारकुनाच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता. तो त्याला सोबत नेता येत नव्हता, आणि घ्यायला कुणी आलेलं नव्हतं. मग त्याने एकेक किल्ली सोडवली आणि ज्याची त्याच्या हातात दिली.

"सांभाळा. साहेब आले की त्यांच्याकडे द्या. मात्र उघडू नका."

"बरं," ती म्हणाली.

तो जीपमध्ये बसून निघून गेला.

ऊन उतरलं तसा वारा सुटला. सासऱ्यांच्या छातीला गार वारा चालत नव्हता. डॉक्टरांनी तेवढं एकच बजावून सांगितलं होतं. तिने खाटेच्या बाजूला गादी उभी करून धरली. वारा आला की गादी तिच्या अंगावर यायची. ती पुन्हा सरळ करायची. खोकला थांबला तेव्हा तिने वाकून श्वास चालू आहे ना ते पाहिलं.

अंधारून येताना नवरा कामावरून आला. त्याने रांगेकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं. मग चादरीखाली हात घालून वडिलांचे पाय चाचपले. तो वळला आणि त्याने एक मोठा दगड उचलला.

"अहो, नको."

"बाबांचे पाय बघ. बर्फ झालेत."

"कुलूप उघडलेलं दिसलं तर खोली जाणार. मग कुठे न्यायचं त्यांना?"

त्याचा हात वरच होता. "किल्ली कोण घेऊन गेलं?"

"कुणी नाही."

तिने मूठ उघडून दाखवली.

तो किल्लीकडे बघत राहिला. मग त्याने दगड जिथून उचलला होता तिथे ठेवला, खाटेवर टेकला आणि वडिलांचे पाय मांडीवर घेतले.

सासऱ्यांनी डोळे उघडले. आधी वर पाहिलं, मग दाराकडे.

"कुणाच्या दारात बसलोय रे आपण?"

मुलगा पाय चोळत राहिला.