गुडघ्यापाशी एक ओळ

दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात एक बाई माझ्या डीटीपीच्या दुकानात येतात आणि तीच कविता उघडायला लावतात. पानावर शब्द मांडून केलेली मुलीची आकृती आहे ती. गोल डोकं, खांद्यांवर शब्दांच्याच दोन वेण्या, फ्रॉकचा घेर, बारीक पाय. दर खेपेला बाई एक नवी ओळ आणतात आणि गुडघ्यापाशी घालायला सांगतात. खालची पावलं पुन्हा जुळवता जुळवता माझा जीव मेटाकुटीला येतो.

यंदा पावलं पानाच्या तळाला टेकली.

"आता मावत नाही," मी म्हणालो. "अक्षर बारीक करू?"

"नको. अक्षर पहिल्याएवढंच राहू द्या."

"मग कविता पूर्ण तरी करा की एकदाची! दहा वर्षं झाली, बाई."

त्यांनी हात स्वतःच्या डोक्यावर, जरा उंच धरला.

"कमरेत थोडी वाकवा," त्या म्हणाल्या. "यंदा माझ्याहून उंच झाली असती. माझा पापा घ्यायला वाकावंच लागलं असतं तिला."