घरमालकाची सही

युक्रेनमधून जीव वाचवून सोलोमिया पंधरा वर्षांच्या दारिनाला घेऊन मोल्दोवात आली, तेव्हा म्हाताऱ्या निकानोरनेच मायलेकींना घर दिलं. आता राहण्याचा परवाना संपत आला होता आणि घरमालकाच्या सहीशिवाय नवा मिळत नव्हता. आठवडाभर टाळून निकानोर आज स्वतःच आला, सही केली आणि कागद बोटाखाली दाबून ठेवला. "इथे राहाल तोवरच हा चालतो हं, सोलोमिया." "माहितेय, काका." "आणि दारिनाच्या खोलीची आतली कडी काढून टाकलीय मी." "का?" "रात्री पोरीला काही झालं, तर दार उघडायला नको?" तो हसला. तो गेल्यावर सोलोमियाने दारिनाला कोट घालायला सांगितलं. "पण परवान्याशिवाय आपल्याला कोण ठेवून घेईल, आई?" सोलोमियाने तिच्या कोटाची बटणं लावली. सही केलेला कागद टेबलावरच ठेवून ती लेकीला घेऊन बाहेर पडली आणि तिने दार ओढून घेतलं.