मधला ओटा

"अजून एक खोकं आण, लवकर!" मी नवऱ्याला ओरडले. नव्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात मधोमध आम्ही सामानाची खोकी रचत होतो. तिथे आयलंड, म्हणजे चारही बाजूंनी मोकळा ओटा, मावतो का ते सुताराला बोलावण्याआधी बघायचं होतं. वर फळी टाकली आणि मला तर नाचावंसंच वाटलं!

सासूबाईंनी मुद्दाम फ्रिज उघडला. दार खोक्यावर आपटलं. "बघ! आणि जमीनच उरली नाही तर दिवाळीत चकल्या कुठे पसरायच्या? माझ्या डोक्यावर?"

टेप लावला. दार उघडायला चार बोटं कमीच पडत होती.

तेवढ्यात सासरे मटार घेऊन आले. त्यांच्या लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, पण ते कधी स्वयंपाकघरात थांबले नव्हते. पिशवी दारातूनच द्यायचे. आज मात्र खुर्ची ओढून ते खोक्यांपाशी बसले आणि शेंगा सोलू लागले. "इथे बसायला बरंय गं," ते सासूबाईंना म्हणाले. "काल फोनवर तुझी बहीण काय म्हणत होती?"

सासूबाईंनी सालांसाठी त्यांच्यापुढे ताट सरकवलं. मी हिरमुसून खोकी उचलायला वाकले, तर त्यांनी माझा हात धरला.

"खोक्यांना हात लावू नकोस. फ्रिज हलवा!"