मोकळी जागा

मी आईच्या पोटात असताना बाबांचं विमान या डोंगरावर आदळलं. आज त्यांच्या स्मरणार्थ त्या काळातली तीन जुनी विमानं माथ्यावरून जाणार होती, म्हणून मी टाकव्याच्या बाजूने सकाळीच चढून आलो. वर पोचलो तर एक म्हातारी बाई बाबांच्या नावाचा दगड पाण्याने धूत होती. चिमाबाई, खालच्या वाडीतल्या. दर वर्षी या दिवशी धुतात म्हणे.

“मावशी, तुमचे उपकार कसे फेडू?”

“उपकार कसले? हितवर येतेच मी, मग धुते.”

तेवढ्यात घरघर आली. विमानं इतक्या जवळून गेली की पायाखालचं गवत थरथरलं. मी बोट दाखवलं. “रांग चार विमानांची असते, मावशी. मधली एक जागा मुद्दाम मोकळी सोडलीय. बाबांची.”

आवाज विरला तरी त्या वर बघत राहिल्या. मग बाटली उचलून थोड्या पलीकडे, एका साध्या धोंड्यापाशी गेल्या. उरलेलं पाणी त्यावर ओतलं, मेणबत्ती लावली आणि वाऱ्याला हाताचा आडोसा धरला.

“तिथे कोण आहे?” मी विचारलं.

“माजा बा. शेरडं घिऊन हितंच बसलाता, तवा इमान पडलं.”

त्यांनी पुन्हा आभाळाकडे पाहिलं.

“जागा एकच सोडली व्हय, सायेब?”