अगदी अशीच

भाचीचं लग्न जुळवायला आम्ही मुलाच्या घरी गेलो होतो. मुलाचे वडील औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतले बडे साहेब, आणि सोफ्याशी बसलेला बीगल त्याच प्रयोगशाळेतून म्हातारा होऊन घरी आलेला. मुलगा मिठाची गुळणी धरून बसला होता, त्यामुळे कौतुक सगळं कुत्र्याचंच चाललं होतं.

"कुत्र्यांच्या जाती ढीगभर आहेत, पण औषधं तपासायला आम्ही बीगलच घेतो," साहेब म्हणाले. "का माहितीये? कितीही टोचा, हा चावत नाही. उलट टोचणाऱ्याचाच हात चाटतो!"

बोलता बोलता त्यांनी खिशातून पेन काढलं. ते बघताच कुत्रा मुकाट्याने उठला आणि त्याने पुढचा पाय त्यांच्यासमोर धरला.

"अजून त्याला सुईच वाटते बघा!" साहेबांची बायको म्हणाली, आणि घरातले सगळे पोट धरून हसले. हसू आवरल्यावर बाईंनी भाचीकडे पाहिलं. "सूनही आम्हाला अशीच गरीब स्वभावाची हवी."

मुलीचे वडील, म्हणजे आमचे भाऊजी, लोणी लावायला टपलेलेच होते. एवढं मोठं स्थळ कोण सोडतो! "आमची अगदी अशीच आहे हो," ते म्हणाले. "काही करा, हूं की चूं करायची नाही."

भाचीने वाकून कुत्र्याचा पाय अलगद खाली ठेवला आणि ती उठून उभी राहिली.



"चला बाबा, घरी जाऊ. मी चावते."