माहेरचा कोंबडा

"हा कोंबडा बाजारात न्यायचा," शलमोन म्हणाला. "मागच्या खेपेला एक तरी पिलू निघालं का?"

कृपाचा चेहरा उतरला. तो तांबडा कोंबडा बाळाच्या बारशाला तिच्या वडिलांनी पुणतांब्याहून काखेत धरून आणला होता. वडील आता नव्हते.

मागची अंडी सगळी नासली, तेव्हा शेजारची लंकाबाई कुंपणावरून हसत म्हणाली होती, "म्हातारा झालाय त्यो, मास्तरीनबाई. बदला की!" लंकाबाईचा कोंबडा तरणाबांड. लंकाबाईही तशीच. ते हसू कृपाच्या जिव्हारी लागलं होतं.

"एकदाच कोंबडी अंड्यांवर बसवून बघू," ती म्हणाली. "नाही निघाली, तर न्या."

बी.ए.पर्यंत शिकलेली ती. प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीनं तारीख टाकायची. अकरा अंडी जमली. पण उबवायला आलेली खुडूक कोंबडी हात लावू देईना, चोचीनं फोडून काढायची.

"तू बाळाला पाज. मी बसवतो," म्हणत शलमोन अंड्यांची पाटी घेऊन मागच्या दारानं गेला.

जरा वेळानं कुंपणापलीकडून लंकाबाईचं हसू ऐकू आलं. मग शलमोनचं.

"कुठं होतात?" तो परतल्यावर कृपानं विचारलं.

"खुराड्याशी. दुसरीकडं कुठं?"

कृपानं मागचं दार आपटून लावलं.

लंकाबाईनंही त्याच संध्याकाळी आपली कोंबडी बसवली. आता शलमोन जाता-येता कुंपणाशी थांबायचा. "काय म्हणतीया कोंबडी, मास्तर?" ती विचारायची आणि दोघं हसायची.

चौथ्या दिवशी दुपारी लंकाबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली. दाराला नुसती कडी. कृपा बाळाला कडेवर घेऊन आत शिरली. कोपऱ्यात मिट्ट काळोख. तिनं कोंबडीखाली हात घातला, चोची सोसल्या आणि एकेक अंडं चाचपून काढून, आतलं पिलू धरू नये म्हणून गदागदा हलवून परत ठेवलं.

एकविसाव्या दिवशी तिच्या टोपलीत चिवचिवाट झाला. अकराच्या अकरा!

"आता नेता बाजारात?"

"हरलो बाई," शलमोन हसला. "राहू दे तुझ्या वडिलांचा कोंबडा."

तिला राहवेना. ती कुंपणाशी गेली. लंकाबाई पाटी घेऊन उकिरड्यावर उभी होती.

"तुमची किती निघाली, लंकाबाई?"

"एक बी न्हाई."

"मग बदला की कोंबडा!"

लंकाबाईनं तिच्याकडं पाहिलं. मग हसली. "बदलते की," म्हणाली आणि पाटी पालथी केली.

एक अंडं गडगडत कुंपणाखालून कृपाच्या पायाशी आलं. त्यावर शिसपेन्सिलीनं तारीख घातलेली होती, तिच्याच अक्षरात.