गालावरच्या पट्ट्या

लुओ देंगनं गाल पुढे केला नाही. काळ्या मलमाची पट्टी हातात धरून न्हावी ताटकळत राहिला.

कालव्याच्या धक्क्यावर बाकीची तुकडी दोन्ही गालांना पट्ट्या लावून रांगेत उभी होती. उत्तरेचे जिन लोक चीनवर चढून आले, तेव्हा याच माणसांनी आपणहून तोंडावर गोंदवून घेतलं होतं. एका गालावर 'प्राण देशासाठी', दुसऱ्यावर 'मरण जिन चोरांना'. तेव्हा चीनच्या सोंग राजघराण्याच्या दरबारानं त्यांचं कोण कौतुक केलं. मग त्याच दरबारानं त्याच जिनांशी तह केला, आणि आज त्यांचा दूत नावेनं या गावात उतरणार होता. आता ती अक्षरं पुसायची कशी? माणसाचं तोंड म्हणजे काही पाटी नव्हे. शेवटी नगराधिकारी वेई यांना मलमाची युक्ती सुचली आणि ते स्वतःवरच खूश झाले.

"गोंदताना हूं की चूं केलं नाही, साहेब," लुओ म्हणाला. "हवे तर फटके मारा. पण मी हे झाकणार नाही."

"फटके कोण मारतंय तुला?" वेई म्हणाले. "अख्ख्या तुकडीचं धान्य बंद करतो. मग घरोघरी जाऊन तूच सांग, कुणामुळे चूल पेटली नाही ते."

लुओनं रांगेकडे पाहिलं. त्याच्याकडे कुणीच पाहत नव्हतं. त्यानं गाल पुढे केला. पट्टी काही चिकटेना, कारण गाल ओला झाला होता. न्हाव्यानं तो पुसला आणि पट्टी दाबून बसवली. यापेक्षा लढाईत मेलो असतो तर बरं, असं लुओला वाटलं.

नाव लागली. दूतानं धक्क्यावर एक पाय ठेवला, रांग पाहिली आणि पाय मागे घेतला. नाकाला बाही लावून त्यानं विचारलं, या लोकांना झालंय काय?

वेईंनी बदक भाजून घेतलं होतं, मद्य गरम ठेवलं होतं, स्वागताचं भाषणही पाठ केलं होतं. या प्रश्नाचं उत्तर तेवढं राहून गेलं होतं. उष्णतेचे फोड, असं ते सांगून बसले.

"सगळ्यांना? आणि दोन्ही गालांवर?" दूत म्हणाला. "साथीच्या गावात उतरवता होय मला?"

त्यानं नाव सोडायला सांगितली. दूत असा परत गेला तर तह मोडणार, आणि दरबार पहिलं डोकं मागणार ते वेईंचंच. डोक्यावरची टोपी सावरत ते रांगेकडे धावले.

"काढा त्या पट्ट्या! एक फोड सापडला तर शपथ!"

रांग हलली नाही. लुओ तेवढा एक पाऊल पुढे आला आणि त्यानं हात जोडले.

"साहेब, नक्की काढू?"

"किती वेळा सांगायचं? हुकूम आहे माझा."

"जी," लुओ म्हणाला. इतक्या अदबीनं त्यानं आजवर कुठल्याच साहेबाचं ऐकलं नव्हतं.

रांगभर पट्ट्या निघाल्या. दूत पुढे वाकला. साथबीथ काही नाही, याची त्याची खात्री पटली. तो बराच वेळ वाचत राहिला.